दाखला

पाचशे शब्दांची चौकट.
वर प्रश्न: या कामासाठी तुम्हीच का?
खाली मी, हेमांगी दत्तात्रय शेटके,
वय सत्तेचाळीस,
एकोणीस वर्षं विगनमध्ये, पायच्या कारखान्यात
(खायच्या पाय; गावाकडे आधी सगळे हसले)
चारशे बारा माणसांचे पगार काढले.
मार्चमध्ये ते काम सॉफ्टवेअरने घेतलं.
त्याला शिकवलं मीच.

अर्ज कालव्यावरच्या नोकरीचा.
लॉककीपर. एप्रिल ते ऑक्टोबर,
शनिवार-रविवार धरून. बूट त्यांचे.

पहिल्या मसुद्यात मी अत्यंत मेहनती होते,
उत्तम संवादकौशल्य असलेली,
आव्हानांना सामोरी जाणारी.
लायब्ररीतल्या ग्वेनेथने पेन उघडलंच नाही,
नुसतं बोट ठेवत गेली एकेका शब्दावर,
तांदळातले खडे दाखवावेत तसं.
हे कुणीही लिहील, म्हणाली.
तू काय केलंस? केव्हा? मग काय झालं?
मी मनातल्या मनात मराठी केलं:
दाखला दे.

दाखला म्हटलं की मला आधी कागदच दिसतो,
शाळा सोडल्याचा, रहिवासाचा, उत्पन्नाचा,
गोल शिक्का, तिरकी सही.
सगळे आहेत प्लास्टिकच्या फाइलीत.
इथे एकही चालत नाही.

दुसरा मसुदा.
नाताळ चार दिवसांवर आणि रात्रपाळीचा भत्ता चुकलेला,
एकसष्ट जणांचा.
एकेकाला समोर बसवलं, आकडा त्याच्यादेखत मोजला.
शेवटचा डेरेक शिव्या देत आला,
जाताना खुर्ची जागेवर ठेवून गेला.
हे ठेव, ग्वेनेथ म्हणाली,
रांगेत तापलेल्या बोटवाल्यांसाठी हेच लागेल.

मग जाहिरातीतली ती ओळ:
पाण्यावर काम केल्याचा अनुभव असल्यास उत्तम.
असल्यास उत्तम.
दोन रात्री मी तिथेच.

आप्पा जयसिंगपूरला नगरपालिकेचं पाणी सोडायचे.
पहाटे साडेतीन, सायकलच्या दांडीला बांधलेली
छातीइतकी उंच लोखंडी चावी,
आणि शाळेला सुट्टी असली की कॅरिअरवर मी, बॅटरी घेऊन.
झाकण उचलायचं, चावी अंधारात सोडायची,
खाचेत बसली की हाताला कळायचं.
साडेअकरा फेरे. बाराव्याला सातव्या गल्लीचा पाइप फुटतो.
पाण्याला घाई करू नये, एवढंच बोलायचे,
बाकी सगळं डोक्यात: कुठल्या गल्लीला किती मिनिटं,
कुणाकडे बाळंतीण आहे म्हणून पाच जास्त.

हे अनुभवात बसतं का?
तारीख काय घालू? पद?
बॅटरी धरणारी?

काल त्या एकवीस लॉकच्या चढावर जाऊन आले.
हे लोक त्याला फ्लाइट म्हणतात,
मला उतरंड दिसली, काठोकाठ भरलेली.
एक जण वाकडी चावी फिरवत होता
आणि दोन मुली दाराला पाठ लावून ढकलत होत्या, हसत,
दार ढिम्म.
थांबा, तो म्हणाला, अजून बोटभर फरक आहे.
अलीकडे पाणी, पलीकडे पाणी,
बोटभरासाठी सबंध दार अडलेलं.
मग ते सरकलं, कुणी ढकलत नसल्यासारखं.

तिसरा मसुदा रात्रीच झाला,
बाळंतिणीच्या पाच मिनिटांसकट.
शेवटी: ओळखीच्या दोघांची नावं द्या. नातेवाईक चालणार नाहीत.
एक ग्वेनेथ.
दुसरा डेरेक, आता टॅक्सी चालवतो.
फोनवर म्हणाला, आडनावाचं स्पेलिंग सांग एकदा,
एकोणीस वर्षं चुकीचंच म्हणतोय बहुतेक.

चारशे एक्याण्णव शब्द.
नऊ उरलेत, भरावेसे वाटले नाहीत.
आप्पाही चावी काढण्याआधी
अर्धा फेरा मागे घ्यायचे.
का, ते विचारायचं राहिलं.